परकर लांब का झाला?

एका दिवाळीला माझ्या मावशीने तक्रार केली, की शिंप्याने परकर चुकीच्या मापाचे शिवले. पायात येतात, चालताना अडखळायला होतं. कोणीतरी कपाटातले जुने परकर काढून दिले, तर तेही जमिनीला टेकत होते. दहा वर्षांपूर्वीचे, त्याच शिंप्याचे, त्याच मापाचे. 'धुऊन धुऊन कापड सैल झालं असेल' यावर घरात एकमत झालं. मावशीने बसून सगळ्या परकरांना आतून दुमड घातली आणि विषय संपला. सुती कापड धुऊन आटतं, वाढत नाही, हे त्या घरातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी मावशीच आटली असेल, असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

दोन वर्षांनी ती मोरीच्या उंबऱ्याशी पडली आणि खुबा मोडला. त्या वेळच्या तपासण्यांत पाठीचा एक्स-रेही निघाला. दोन मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झालेले दिसले. ते कधी मोडले, हे तिला सांगता येईना. एकदा गव्हाचा डबा सरकवताना पाठीत चमक भरली होती, पंधरा दिवस शेकलं, बाम चोळला, एवढंच आठवलं. त्याच्याही आधी, साठीच्या अलीकडे, अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, हात बरा झाला. एवढ्याशा पडण्याने मनगट का मोडावं, हा प्रश्न तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारला नाही आणि आम्हीही विचारला नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळालं असतं, तर खुब्यापर्यंतची आठ-नऊ वर्षं आमच्या हातात होती.

ऑस्टिओपोरोसिस अनेकींच्या बाबतीत याच क्रमाने येतो: आधी मनगट, मग मणका, मग खुबा. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, म्हणजे जिन्यावरून नव्हे, स्कूटरवरून नव्हे, चालता चालता, तर ते हाड आधीच कमकुवत होतं असं धरून चालायचं. मोडेपर्यंत या आजाराला वेदना नसते. मणक्यांचे सुमारे दोन तृतीयांश अस्थिभंग तर मोडल्यावरही कळत नाहीत. पाठदुखी म्हणून शेकून निभावले जातात.

आपल्या भाषेने इथे एक घोटाळा करून ठेवला आहे. गुडघे दुखले की 'हाडांची झीज झाली' म्हणतात. गुडघ्यात झिजते ती सांध्यातली कूर्चा. तो संधिवाताचा प्रकार, आणि तो दुखतो. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ होतं आणि गप्प राहतं. एकच 'झीज' दोन्हींना लावल्यामुळे ज्याचे गुडघे ठणठणीत आहेत तो माणूस 'माझी हाडं मजबूत आहेत' असं खुशाल समजतो. दुसरा गैरसमज रक्ततपासणीचा. 'कॅल्शियम नॉर्मल आलं' म्हणून लोक निश्चिंत होतात. पण रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालतच नाही. हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. ते घसरू लागलं, की गळ्यातल्या मसुरीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांकडून कॅल्शियम मागवून घेतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठवलेलं असतं. ही आपली कणगी. दुष्काळात कणगीतलं धान्य काढून घरातली चूल पेटती ठेवावी, तसं शरीर वागतं. चूल पेटती आहे एवढ्यावरून कणगीत किती उरलं ते कळत नाही.

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोरडा सांगाडा येतो. तो मेलेल्याचा. जिवंत हाड ओलसर असतं, त्यातून रक्त वाहतं, आणि ते सतत मोडून पुन्हा बांधलं जात असतं. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या जागी नवं रचणाऱ्या वेगळ्या. एका ठिकाणची खोदाई तीन-एक आठवड्यांत आटोपते. भरणी व्हायला मात्र तीन-चार महिने लागतात. या रीतीने मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. पंचविशी-तिशीपर्यंत भरणी खोदाईपेक्षा जास्त असते, पुढे काही वर्षं बरोबरी, आणि मग पारडं फिरतं.

लांब हाडांची टोकं आणि मणके यांच्या आत जाळीदार हाड असतं. आपल्याकडच्या कौलारू घराचं छप्पर आतून पाहिलं असेल, तर मणक्याची रचना समजायला वेळ लागणार नाही. भार पेलणारे वासे आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या रिपा. वय झालं की मणक्यात आधी रिपा जातात. वासे जागेवर दिसतात, पण त्यांना बाजूने धरणारं कोणी उरत नाही, आणि एखाद्या दिवशी गव्हाचा डबा सरकवताना ते वाकतात. एकदा तुटून गेलेली रिप परत तशीच बसवणं शरीराला फार अवघड जातं. म्हणून या आजारात वेळेला इतकी किंमत.

हे वासे वाटेल तसे रचलेले नसतात. १८६६ साली झुरिकमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याने हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाकडची उभी चिरलेली मांडीची हाडं पाहिली आणि तो थक्क झाला. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये भाराचे ताण कसे वाहतात, याच्या रेषा तो कागदावर काढत असे. खुब्याच्या आतल्या कमानी हुबेहूब त्याच रेषांवर उभ्या होत्या. पुढे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम पुस्तकरूपाने मांडला: हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. भार वाढला तर तिथे बांधकाम वाढतं, भार गेला तर शरीर तिथलं सामान उचलून नेतं. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांना अंतराळात वजनच नसतं, तर त्यांच्या खुब्यातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. पाळी गेल्यानंतर बाईचं जेवढं हाड वर्षभरात जातं, जवळपास तेवढं त्यांचं एक-दोन महिन्यांत जातं, आणि ही माणसं तर निवडून घेतलेली धडधाकट असतात.

आता आपल्या घरांकडे पाहा. आईची साठी उलटली की मुलं-सुना म्हणतात, 'आई, तू बस. आम्ही करतो.' पाण्याची बादली हातातून काढून घेतात, बाजाराची पिशवी घेतात, जिना चढायला नको म्हणून खोली खाली देतात. यात प्रेम आहे, आणि ते प्रेम मी मोलाचं मानतो. पण हाडाला त्यातलं फक्त एवढंच कळतं, की भार गेला. आमच्या मावशीला मनगट मोडल्यावर आम्ही असंच जपलं. पुढली सगळी वर्षं तिला काही उचलू दिलं नाही. तिच्या खुब्यातले वासे त्या वर्षांत कोणासाठी उभे राहणार होते?

बायकांच्या हाडांवर दुसरा मोठा घाव पडतो तो पाळी जाताना. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खोदणाऱ्या पेशींना आवर घालत असतं. ते ओसरलं की खोदाई मोकाट सुटते, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत दहा ते वीस टक्के हाड जाऊ शकतं. हा संबंध बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिला. पाश्चात्त्य बायकांची पाळी सरासरी एक्कावन्नाच्या आसपास जाते, आपल्याकडे त्याच्या चार-पाच वर्षं आधी. म्हणजे उतरण लवकर सुरू होते.

इथे बीडची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, हे २०१९ मध्ये उघडकीला आलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यात तिशी-पस्तिशीच्या कितीतरी होत्या. चर्चा झाली ती खाडे, दंड, मुकादमाची उचल आणि खासगी दवाखान्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण या बायकांच्या हाडांचं काय होणार, हे फारसं कोणी बोललं नाही. गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबतं; पन्नाशीला सुरू व्हायची उतरण पस्तिशीला सुरू होते. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्तीचं वय काहीसं अलीकडे येतं. ज्या बाईची पिशवी चाळिशीआधी काढली आहे, मग ती बीडची असो की पुण्याची, तिने आपल्या कागदपत्रांत 'अंडाशय काढले का' एवढं जरूर शोधावं आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना सांगावं.

पुरुषांनी हे प्रकरण बायकोला वाचायला देऊन मोकळं होऊ नये. पन्नाशीनंतरच्या साधारण पाचातल्या एका पुरुषाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं, आणि खुबा मोडल्यावर पुरुष बायकांपेक्षा जास्त प्रमाणात दगावतात. दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा त्वचेच्या विकारासाठी तीन महिन्यांहून जास्त काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर हाडांची चौकशी लगेच करायला हवी. दारू आणि सिगारेट आहेतच.

चौकशी करायची ती डेक्सा या तपासणीने. टेबलावर आडवं व्हायचं, कंबर आणि खुब्यावरून यंत्राचा हात फिरतो, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. क्ष-किरणांची मात्रा अगदी थोडी असते. उत्तर येतं ते टी-स्कोअर म्हणून, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडाच्या तुलनेत तुमचं हाड कुठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेल्या रेषेप्रमाणे उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, मधला पट्टा सावधगिरीचा. गणपती मंडळांच्या शिबिरांत टाच एका छोट्या यंत्रावर ठेवून जी मोफत तपासणी होते ती डेक्सा नव्हे. तिच्यावरून रोगाचं निदान करू नये आणि औषध तर मुळीच सुरू करू नये. आणि ज्याचा खुबा किंवा मणका साध्या पडण्याने मोडला आहे, त्याचा टी-स्कोअर काहीही येवो, त्याला उपचार हवेत.

आता उन्हाविषयी. 'सकाळचं कोवळं ऊन घ्या' हा सल्ला आपल्याकडे इतक्या मायेने दिला जातो, की तो खोडून काढताना मला वाईट वाटतं. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं ते अतिनील किरणांतल्या एका ठरावीक पट्ट्यामुळे. सूर्य तिरपा असताना तो पट्टा वातावरणातच गाळला जातो. ओळखायची खूण अगदी सोपी: उन्हात उभं राहून आपली सावली पाहायची. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात ऊब आहे, ड जीवनसत्त्व जवळपास नाही. सावली आखूड झाली की काम सुरू. पुण्यात ऐन डिसेंबरातही माध्यान्हीला सूर्य ४८ अंशांवर असतो, म्हणजे सावली आपल्याहून थोडीशीच आखूड. वर्षातले बाकी दिवस याहून सोयीचे. निसर्गाने दिलेलं हे देणं आणि तरीही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी. कारण दुपारी आपण आत असतो, बाहेर असलो तर ओढणी-स्कार्फ-सनकोटात, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातून तो पट्टा गाळला जातो. सावळ्या त्वचेला वेळही जास्त लागतो, म्हातारपणी त्वचेची ताकद निम्म्याहून उतरते. अकरा ते दोनच्या दरम्यान हात, पाय आणि जमलं तर पाठ उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं. वैशाखात मात्र वृद्धांनी हा प्रयोग करू नये.

ऊन जमत नसेल तर गोळी आहे. पण साठ हजार एककांची ती आठवड्याची गोळी किती आठवडे घ्यायची हे विसरून वर्षानुवर्षं घेणारी माणसं मी पाहिली आहेत. जास्त म्हणजे जास्त चांगलं, असं इथे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख एककांचा डोस देऊन पाहिला. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या बायका जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती.

कॅल्शियमचं गणित ताटात बसून करता येतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी रोज १००० आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी १२०० मिलिग्रॅम सांगितले आहेत. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. पन्नास ग्रॅम नाचणीच्या भाकरीत पावणेदोनशे. नाचणीला मोड आणून सत्त्व केलं तर ते अंगी जास्त लागतं. न सडलेल्या गावरान तिळाच्या दोन मोठ्या चमच्यांत दोनशेच्या पुढे. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात त्यातलं फार थोडं उरतं, कारण ते सालात असतं. संक्रांतीचा तीळ जानेवारीतच संपवण्याचं कारण नाही, तिळकुटाची चटणी वर्षभर होते. शेवग्याचा पाला उत्तम. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेट ते सुटू देत नाही. किनाऱ्यावरच्या घरांत काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी ही तर ठेवच आहे. चहातलं दूध हिशेबात धरू नये. उरलेली तूट गोळीने भरायची, जेवणाबरोबर, एका वेळी पाचशेच्या आत, आणि लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर.

मला कॅल्शियमपेक्षा जास्त काळजी वाटते ती प्रथिनांची. हाडाचा चुन्याचा भाग ज्या जाळ्यावर बसतो ते जाळं प्रथिनाचं असतं. म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण म्हणजे चहा-बिस्किट किंवा कपभर पेज. वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान ग्रॅमभर प्रथिन, म्हणजे पन्नास किलोच्या आजीला पन्नास ग्रॅम हवं. ते घट्ट वरण, उसळ, दही, अंडं, मासे यांतूनच येईल.

परत भाराकडे येतो, कारण माझा जीव तिथे आहे. सकाळची फेरी हृदयासाठी चांगली, पण हाडाला चालण्याची सवय झालेली असते. त्याला त्यात नवं काही ऐकू येत नाही. ऑस्ट्रेलियातल्याच एका प्रयोगात, सरासरी पासष्ट वयाच्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं उचलायला शिकवलं. प्रशिक्षक शेजारी उभा, वजन हळूहळू वाढवत नेलेलं. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची टक्काभर घटली होती. तीन टक्के ऐकायला लहान वाटतात. पण पारडं जिथे फक्त खालीच जातं असं आपण धरून चाललो होतो, तिथे ते वर गेलं.

यासाठी जिममध्येच जायला हवं असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, जिना, टाचा उचलून धपकन टेकणं, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर नेणं, इथून सुरुवात होते. मणका आधीच दबलेला असेल तर काय करू नये हेही ठाऊक हवं. १९८४ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये अशा बायकांचे गट करून पाहिले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के बायकांचे मणके आणखी दबले. पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्के. म्हणून पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन अशा वेळी बंद, सूर्यनमस्कार शिक्षकांना विचारल्याशिवाय नको. भुजंगासन हलकेच चालतं. जमिनीवरची वस्तू उचलायची ती कमरेत न वाकता, गुडघ्यात बसून.

औषधांना लोक विनाकारण घाबरतात. आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. ज्यांचा मणका आधी मोडला आहे, त्यांच्यात ती पुढच्या अस्थिभंगांचा धोका जवळपास निम्मा करते. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रॉनिक आम्लही आहे. खुबा मोडलेल्यांना ते दिल्यावर केवळ नवे अस्थिभंग नाही, मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले, असं २००७ मध्ये दिसून आलं. जबड्याचं हाड बिघडण्याचा दुष्परिणाम खरा आहे, पण विरळ. दातांचं मोठं काम आधी उरकून घ्यावं. डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन मात्र मनाने थांबवू नका. ते नुसतं सोडून दिलं तर दबलेली खोदाई उसळून येते आणि एकापाठोपाठ एक मणके मोडतात. खर्च परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. ते दुसऱ्या औषधावर आणून सोडतील.

आणि पडू नये म्हणून: मोरीचा उंबरा, ओली फरशी, सरकणारं पायपुसणं, रात्री लघवीला उठताना न सापडणारं बटण, पुढे ढकलत राहिलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, झोपेची गोळी. आणि पायात येणारा परकर.

मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं, हे तिचं नशीब. खुबा मोडल्यावर वर्षाच्या आत पाचातला एक तरी रुग्ण जातो, आणि ऑपरेशन लांबलेल्या प्रत्येक दिवसाने वाचणं अवघड होत जातं. तिसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभी केली तेव्हा ती माझ्या आईला म्हणाली, 'अगं, मला चालवताय कसले, जपा ना जरा.' आईने तिला जपलं नाही. रोज चालवलं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. त्याच चौकटीच्या दुसऱ्या बाजूला आता पाडव्याला मावशी उभी राहते, टाचा लाकडाला चिकटवून, नजर समोर. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी झाली की मणक्याचा एक्स-रे काढावा, असं सांगतात; तिची साडेपाच गेली होती. डोक्यावर पंचांग आडवं धरून मी रेघ मारतो. गेल्या तीन पाडव्यांच्या रेघा एकमेकींवर बसल्या आहेत. यंदा पेन्सिल इतकी गडद उमटली, की तारीख लिहायला बाजूला जागा शोधावी लागली.